पेंटरमामांची वेलीची अक्षरं

पेंटरमामांकडून एकटं अक्षर काढून घेणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं होतं. क्रांती चौकाच्या आसपासच्या कितीतरी जुन्या पाट्या त्यांच्या हातच्या. अक्षराची शेपटी वेल होऊन शेजारच्या अक्षराच्या अंगावर चढायची, मध्येच एखादी कळी धरायची. मी कॉम्प्युटरवर फॉन्ट करणारी. या अक्षरांचा फॉन्ट करायचाच, असं मी घेऊन बसले होते. पाट्या उतरून फ्लेक्स लागत होते, मामांच्या हाताला कंप सुटला होता. घाई मला होती, मामांना अजिबात नव्हती.

"मामा, नुसता क काढा," मी म्हणायचे.

"कुणाचा क?"

"कुणाचाच नाही."

"तसला क शाळेच्या फळ्यावर असतो. दुकानाचं नाव सांग."

आतून चहा घेऊन येणाऱ्या मामी माझी बाजू घ्यायच्या. "द्या की वो काढून. लेकरू चकरा मारून थकलं." मामा चहा प्यायचे आणि विषय संपायचा.

शेवटी मी खोटी दुकानं थाटायला लागले. 'झुंबर ड्रेसेस' म्हटलं, तर मामांनी विचारलं, "कुठंय? ऊन कोणत्या बाजूनं येतंय?" मी एक जागा ठोकून दिली. दुसऱ्या दिवशी म्हातारा रिक्षा करून तिथं जाऊन आला. "तिथं तर पंक्चरवाला हाय," म्हणाले, आणि कित्येक दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यानंतर खरी दुकानं शोधून त्यांना दाखवायला न्यावं लागलं. बाकी अक्षरं जमली. झचं खरं दुकान काही सापडेना, झ तेवढा अडकला.

बरं, मामांचं सगळंच बरोबर असायचं असंही नाही. एका दातांच्या डॉक्टरांच्या पाटीवर त्यांनी इतकी वेल चढवली होती, की लोक पाटीखाली उभे राहून दवाखाना कुठे म्हणून विचारायचे. डॉक्टर कुरकुरले तर मामा म्हणाले, "दात ठणकला की सापडतंय बरोबर." अशा माणसाशी भांडणार तरी कसं?

गेल्या हिवाळ्यात मामी गेल्या. काही दिवसांनी मामांनीच फोन केला. "ये बाई, तुझा झ घेऊन जा."

मी गेले. मामांनी दुकान विचारलं नाही, जागा विचारली नाही. डाव्या हातानं उजवं मनगट धरून त्यांनी झ काढला. सुबक होता, पण वेल नव्हती.

"शेपटी राहिली, मामा."

"जाईल कुठं ती? शेजारी कोणीच नाय."

उन्हाळ्यात मामाही गेले. फॉन्ट आता लग्नपत्रिकांवर, हॉटेलांच्या पाट्यांवर सर्रास दिसतो. झला वेल का नाही, म्हणून लोक मला फोन करतात आणि मी त्यांच्यावर उगाच तडकते. मी स्वतः वेल जोडून पाहिली. ती नुसती लोंबकळत राहते. मामांवरचा माझा राग काही जात नाही. मामी होत्या तेव्हा एकदा काढून दिला असता, तर काय बिघडलं असतं?