काउंट आणि महाजन सर

आम्ही जळगावच्या कॉलेजातले जुने कॉम्प्युटरवाले चहाला जमलो, की किस्से थांबवायला शेवटी हॉटेलवालाच लागतो. नव्वदीच्या दशकात, फायनल इयरला, आम्ही ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, स्वतः लिहायला घेतला होता. अंगात मस्ती, दुसरं काय!

नियम सोपा होता. मेमरीतली एक वस्तू अनेक प्रोग्राम वापरतात. वापरायला घेतली की तिचा काउंट एकने वाढवायचा, सोडली की एकने कमी करायचा. झिरो झाला की मेमरी मोकळी.

*

चाळीसगावचा किशोर वस्तू घ्यायचा आणि सोडायचं विसरायचा. थोड्याच वेळात मेमरी फुल्ल, मशीन ठप्प! वर तोंड करून म्हणायचा, "मना कोड बराबर शे, मशीनच भिकार शे!"

*

धुळ्याची वर्षा याच्या उलट. 'सेफ्टी म्हणून' ती काउंट दोनदा कमी करायची. दुसऱ्याच्या वापरातली वस्तूच गायब, मशीन आडवं! आम्ही ओरडलो तर म्हणाली, "मला उष्टं-खरकटं ठेवलेलं चालत नाही."

*

यावर आमचे एचओडी महाजन सर यांनी तोडगा काढला. "काउंट हजारापासूनच सुरू करा. झिरो होणारच नाही!"

खरंच झाला नाही. मेमरीही कधी मोकळी झाली नाही. सरांनी मात्र नोटीस बोर्डावर लावून टाकलं, 'विभागाने शोधलेली सुरक्षित पद्धत'. लाज हा विषय त्यांच्या सिलॅबसमध्ये नव्हता.

*

दोन प्रोग्रामनी एकाच वेळी काउंट बदलला की आकडा चुकायचा. मध्ये कुणी लुडबुडू नये म्हणून किशोरने तेवढ्यापुरते इंटरप्ट, म्हणजे कीबोर्ड-घड्याळाकडून मशीनला येणारे इशारे, बंद केले, आणि परत चालू करायला विसरला. कीबोर्ड मेला, स्क्रीनवरचं घड्याळही थांबलं.

महाजन सर खूश. "बघा, आता किती स्टेबल झालं!"

*

मग व्हायवाचा, म्हणजे तोंडी परीक्षेचा, दिवस. किशोर आधी एकदा नापास झालेला, आणि नाशिकची नोकरी याच निकालावर अडलेली.

लॅबमध्ये चपला बाहेर काढून जायची पद्धत. बाहेर चपला दिसल्या नाहीत, की महाजन सर मेन स्विच बंद करून कुलूप लावायचे. त्या दिवशी "एक्स्टर्नलसमोर हा पसारा नको" म्हणत त्यांनीच सगळ्या चपला कपाटात ठेवायला लावल्या, आणि पाहुण्यांच्या जेवणाचं बघायला गेले. पुण्याचे एक्स्टर्नल परीक्षक बूट घालूनच आत आले. त्यांना कोण सांगणार!

त्यांनी किशोरला विचारलं, "वस्तू वापरात असताना काउंट झिरो दिसेलच कसा?"

आम्ही देव पाण्यात घातले.

तेवढ्यात दिवे गेले, मशीन बंद पडलं आणि दाराला बाहेरून कुलूप लागलं. महाजन सरांचा आवाज आला, "चला, सगळे जेवायला गेले वाटतं!"

अंधारात किशोर म्हणाला, "असा दिसस, सर!"

"मार्क देतो रे बाबा, आधी दार उघडायला सांग!"