फ्रेंच बंदूक बघायला करावे गावाला

साठच्या दशकातली गोष्ट. दिवाळी नुकतीच झाली होती, ह्यांची रजा शिल्लक होती आणि माझ्या मनात महाबळेश्वर होतं. ह्यांच्या मनात बंदूक होती. तीही साधी नव्हे. फ्रान्समध्ये पूर्वी शाळकरी मुलांना कवायत शिकवायला लहान मापाच्या रायफली बनवत. दिसायला फौजेच्या रायफलीची हुबेहूब नक्कल, पण कित्येकींच्या नळीला आरपार भोकच नसे. जुन्या बंदुका जमवणाऱ्या ह्यांना तशी एक करावे गावात असल्याचं ऑफिसात कळलं आणि आमचं महाबळेश्वर बोंबललं.

आज तुम्ही सीवूड्सला उतराल आणि रिक्षाने आरामात जाल. तेव्हा वाशीचा पूल नव्हता. ठाण्याहून एसटीने धूळ खात पनवेल, तिथून टांग्याने बेलापूर. टांगेवाल्याने तोंडाला येईल ते भाडं सांगितलं आणि ह्यांनी घासाघीस न करता दिलं. पुढे मिठागरांच्या बांधावरून पायी. माझ्या नव्या चपला चिखलात रुतत होत्या आणि हे हातात भिंग आणि तारेचा तुकडा घेऊन पुढे. "आलंच हं!" हे दर वळणाला. अशा सहलीला निघणार असाल तर पाणी घ्या, टोपी घ्या आणि जमलं तर नवऱ्याला घरी ठेवा.

गावाच्या तोंडाशी चार माणसं जाळी विणत बसली होती. रस्ता विचारून गप चालावं की नाही! पण ह्यांनी उभ्या उभ्या व्याख्यान झोडलं. बंदूक कशी ओळखायची, नक्कल असेल तर तार आत कशी जाणार नाही, सगळं. चौघं एकमेकांकडे बघून हसले.

"चला, आमीपन येतो बघाला," एक जण म्हणाला.

बंदूक पार्वतीबाईंची. त्यांच्या आजेसासऱ्यांनी आगबोटीवर खलाशी असताना फ्रान्सच्या मार्सेय बंदरातून आणलेली. बाई विधवा, पदरात दोन मुली. खाडीच्या बांधाला भरतीचं पाणी आत घ्यायची जी झडप असते, तिथे ओहोटीला जाळं लावून मिळेल त्या मासळीवर घर चालायचं. मासळी चोरायला बरेच जण टपलेले. पण बाई खांद्यावर बंदूक टाकून राखणीला बसत, म्हणून कुणाची छाती होत नसे. हे त्या मोठ्याने सांगत होत्या, त्या चौघांकडे बघत. आपण कुणाला बरोबर घेऊन आलोय ते मला तेव्हा कळलं. मी कपाळावर हात मारून घेतला.

"मुंबईचं साएब हायेत," तोच मघाचा माणूस म्हणाला. "आज कलंल, खरी का खोटी."

आता नाही म्हणायची बाईंना सोयच उरली नव्हती. त्यांनी बंदूक आणून दिली.

ह्यांनी लांबी पाहिली, खटका मागे ओढला, भिंगातून फ्रेंच अक्षरं वाचली. मग नळीत तार घातली. ती बोटभर गेली आणि अडली. ह्यांचा चेहरा असा उजळला की आमच्या लग्नातसुद्धा उजळला नव्हता. बाईंनी पदर तोंडाशी धरला. मला संताप आला आणि भीतीही वाटली, कारण बंदुकीच्या बाबतीत खोटं बोलणं ह्या माणसाला ठाऊकच नव्हतं. माझ्या मामांची शिकारीची थापसुद्धा ह्यांनी भर पंगतीत उघडी पाडली होती.

ह्यांनी मान वर केली. बाईंकडे बघितलं, मग त्या चौघांकडे.

"आत गोळी आहे," हे म्हणाले. "भरलेली आहे ही! लांब व्हा सगळे!"

चौघं अंगणाबाहेर पळाले.

निघताना बाईंनी कोळंबी बांधून दिली. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "आमचं मालक सांगून गेलते, ती वाजाची नाय. साएब बोलले नाय, लय झालं."

परतीच्या वाटेवर मी ह्यांच्यावर चपलांवरून तोंडसुख घेतलं. मी दुसरं काही बोलले असते तर मला रडू आलं असतं.

ह्यांचे एक मित्रही बंदुका जमवत. दरवर्षी आमच्याकडे फराळाला येऊन ते ठासून सांगत, "ती शाळेतली फ्रेंच रायफल आपल्याकडे एकही आलेली नाही." आणि हे, एका स्क्रूवरून तासभर भांडणारे, चहाच्या कपात बघत म्हणत, "नसेल."