पोळ्याच्या दिवशी ओढलेली गाडी

चंद्रपूरच्या एका गॅरेजवाल्याने मला फसवले. माझी जुनी बस म्हणजे माझे भांड्यांचे दुकान आणि राहते घरही. म्हणून चार गॅरेज पालथी घालून, घासाघीस करून मी त्याच्याशी वर्षाचा करार केला होता. गाडी जंगलात कुठेही बंद पडो, निरोप मिळताच त्याचा मिस्त्री येणार.

पोळ्याच्या सकाळी पोंभुर्ण्याजवळ नाला ओलांडताना गाडी बंद पडली. एसटीच्या कंडक्टरजवळ निरोप दिला. दुपारी परतीच्या एसटीबरोबर गॅरेजवाल्याचे उत्तर आले, "सण आहे, उद्या पाहू." तोवर पाणी चढून अर्धी चाके बुडाली होती.

तेवढ्यात एक धिप्पाड म्हातारा सजवलेले बैल घेऊन आला. शिंगांचा रंग त्याच्या मिशीलाही लागला होता.

"भाऊ, बैल जुंपा," मी म्हणालो.

"आज बैलाच्या खांद्यावर जू नाई ठेवत. सुट्टी त्याले हाय, मानसाले नाई."

त्याने गावाकडे तोंड करून हाक दिली. नवे सदरे घातलेले दहा-बारा गडी आले आणि त्यांनी गाडीला दोर बांधला. मी सवयीने म्हणालो, "किती घ्याल, ते आधी ठरवू."

"गाडी बुडून राह्यली, अन् तुमी भाव काऊन करता? वढा तुमी बी!"

मीही ओढू लागलो. गाडी वर आली तेव्हा बैल काठावर रवंथ करत आमच्याकडे पाहत होते. म्हातारा त्यांना म्हणाला, "पाहा, असं वढत असतात!"

हसण्याच्या भरात त्याचे नाव विचारायचे राहिले.

आता त्या गॅरेजवाल्याला माझा सवाल आहे. सण तर त्या गावालाही होता, मग तुझाच मिस्त्री का आला नाही? चारचौघांत उत्तर दे.