केसरीनाथची पत्र्याची पेटी

भिवंडीत शहाणा माणूस एकच, आणि तो अँब्युलन्सच्या मागच्या बाकड्यावर बसतो, असं केसरीनाथ भोईरचं पक्कं मत होतं. बाकी सगळे शंख. नवे डॉक्टर शंख, कारण त्यांना हातमोजे घातल्याशिवाय ताप बघता येत नाही. ड्रायव्हर रामनाथ शंख, कारण तो रिकाम्या गाडीचा सायरन वाजवत चहाच्या टपरीवर जातो. आणि ज्याची पूजाच करावी असा शंख म्हणजे अँब्युलन्स चालवणाऱ्या ट्रस्टचे अध्यक्ष भाऊ. बापजाद्यांची भातशेती गोदामांना देऊन मोठे झालेले, आणि आता हाताशी वेळ होता म्हणून समाजसेवा करणारे.

केसरीनाथ अँब्युलन्सवर चढला तो त्र्याहत्तर साली. ठाण्याला पंधरा दिवसांचा प्रथमोपचाराचा वर्ग केला होता, तेवढ्या शिदोरीवर त्यानं तेहेतीस वर्षं काढली. गाड्या तीन बदलल्या, पण पेटी बदलली नाही. जाड पत्र्याची, वर लाल क्रॉस, आत खण पाडलेले. डाव्या खणात कापूस आणि गुंडाळलेल्या पट्ट्या, उजवीकडे आयोडीनची तपकिरी बाटली, लाल औषध, शुद्धीवर आणायला अमोनियाची कुपी, पावडरच्या जुन्या डब्यात सेफ्टी पिना. झाकणाच्या आतल्या अंगाला वाकडी कात्री आणि हाड मोडलं तर बांधायच्या दोन लाकडी फळ्या. औषधं संपली की तो स्वतः भरायचा आणि प्रत्येक वस्तू जिथल्या तिथे ठेवायचा. "घरातला मिठाचा डबा कुठे आहे ते सांगा बघू," असं बायको विचारायची, तेव्हा मात्र त्याला उत्तर यायचं नाही.

नारपोलीत मागावरचा धोटा उडून कपाळं फुटलेले लूमवाले त्यानं किती बांधले याला गणती नाही. झाकण उघडल्यापासून पाच वेळा रामनाम घेईपर्यंत पट्टी बसलीच पाहिजे, अशी त्याची बढाई होती. बढाई होती, पण खोटी नव्हती.

दोन हजार सहा साली ट्रस्टनं नवी गाडी घेतली. तिच्याबरोबर प्लॅस्टिकची एक चपटी प्रथमोपचार पेटी आली. केसरीनाथनं ती उघडली, आतल्या दोन पट्ट्या चिमटीत धरून रामनाथला दाखवल्या आणि म्हणाला, "हे बाहुलीच्या लग्नात न्यायला बरं आहे." पट्ट्या त्यानं कपाटात टाकल्या आणि पेटी रामनाथला देऊन टाकली. रामनाथ तिच्यात बिड्या ठेवू लागला.

भाऊंचा विचार वेगळाच होता. जुनी पेटी ऑफिसात काचेच्या कपाटात ठेवायची, खाली पाटी लावायची. केसरीनाथ भडकला. "भाऊ, मी रिटायर होईपर्यंत पेटी गाडीवर राहणार. माणूस रस्त्यात पडला तर त्याला काय काचेतून दाखवू?" पुढच्या वर्षी तो अठ्ठावन्नचा होणार होता. तेवढं एक वर्ष पेटी गाडीवर असावी, एवढंच त्याला हवं होतं. भाऊ कसेबसे कबूल झाले, पण एक अट घालून. दसऱ्याला गाडीची पूजा होईल तेव्हा पाहुण्यांसमोर पेटी ते स्वतः उघडणार, एकेक वस्तू दाखवणार आणि दोन शब्द बोलणार. त्यासाठी पेटीला नवा रंग हवा.

रंगाचं काम कारखान्यांच्या पाट्या रंगवणाऱ्या नामाकडे गेलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी नामानं विचारलं, "काका, झाकन उघडं ठेवून मारू का बंद करून?"

"रंगारी तू आहेस का मी? चालव अक्कल," असं म्हणून केसरीनाथ निघून गेला. नामानं होती तेवढी अक्कल चालवली, आणि झाकण बंद करून ऑइलपेंटचे दोन हात दिले.

दसऱ्याच्या सकाळी केसरीनाथनं पेटीला झेंडूची माळ घातली आणि सवयीनं झाकण उचलायला गेला. झाकण हललं नाही. फटीत रंग भरून वाळला होता. त्यानं खिशातला चाकू काढला. अर्ध्या तासाचं काम, फार तर. पात्याचं टोक फटीला लावलं आणि तेवढ्यात त्याच्या डोळ्यांसमोर भाऊ आले. परीटघडीच्या सदऱ्यातले, माईकसमोर, वीस पाहुण्यांपुढे झाकणाशी झोंबणारे आणि घामानं निथळणारे भाऊ. केसरीनाथला इतकं बरं वाटलं की त्यानं चाकू मिटून परत खिशात घातला. उघडू देत त्यांनाच. फार दिवसांनी त्याची सकाळ अशी छान उगवली होती.

भाऊ यायच्या आधीच फोन आला. कोन गावच्या नाक्यावर टेम्पोनं एका म्हातारीला उडवलं होतं. रामनाथनं गाडी काढली. मागे केसरीनाथ पेटी मांडीवर घेऊन फटीत चाकू चालवत होता. रस्त्यात खड्डे असे, की पातं फटीत कमी आणि त्याच्या अंगठ्यात जास्त जात होतं. बायपासच्या वळणावर गाडी उडाली आणि पातं मोडलं.

म्हातारीचं नाव राहीबाई. नाक्यावर झेंडू आणि आपट्याची पानं विकायला बसली होती. टेम्पोचा पत्रा लागून दंड कोपरापर्यंत फाटला होता, आणि रक्त थेट टोपलीतल्या फुलांवर सांडत होतं. केसरीनाथ उडी मारून उतरला, पेटी रस्त्यावर ठेवली आणि झाकणाला भिडला. नखं लावली. लाथ घातली. रामनाथ पाना घेऊन धावत आला, त्यानंही ठोकलं. पत्रा वाकला, पण झाकण सुटलं नाही. तेहेतीस वर्षांपूर्वीचा पत्रा होता तो. पाच रामनाम कधीच होऊन गेली.

माणसं जमली होती. कुणीतरी म्हणालं, "अरे ये अँब्युलन्सवाला डिब्बे के साथ कुश्ती कर रहा है."

"अरं मेल्या," राहीबाई ओरडली, "मी हिकडं मरतंय, न तू काय करतंस? उघर ना ती पेटी!"

"उघडत नाय, मावशे."

"मंग आनलीस कशाला?"

राहीबाईनं दातानं पदराची किनार धरली, टरकन पट्टी फाडली आणि एका हातानं दंडाला गुंडाळली. "धर," ती म्हणाली, आणि केसरीनाथनं मुकाट्यानं दुसरं टोक धरलं. फुलांचा दोरा वरून आवळून तिनं गाठ मारली. मग आपल्या पायांनी चालत गाडीत जाऊन बसली.

दवाखान्यात हातमोजे घातलेल्या नव्या डॉक्टरनं ती पट्टी सोडताना विचारलं, "कोणी बांधली? चांगली बांधली आहे. नाहीतर बरंच रक्त गेलं असतं."

"मीच," राहीबाई म्हणाली. "यो बाबा पेटी फोरीत व्हता."

डॉक्टर हसला नाही. हसला असता तर केसरीनाथला सोपं गेलं असतं.

परत आले तेव्हा पाहुणे खोळंबले होते. केसरीनाथ काही सांगायच्या आतच भाऊंनी पेटी टेबलावर घेतली, दोन शब्द बोलले आणि झाकणाला हात घातला. पुढचं सगळं केसरीनाथनं सकाळी पाहिलं होतं तस्संच झालं. तेच झोंबणं, तोच घाम. पाहुणे तोंडावर रुमाल धरून हसत होते. भाऊंचा चेहरा लालबुंद झाला. "कोणी रंगवली ही? नाम्या, शंख आहेस का?"

नामा खाली मान घालून उभा राहिला.

"त्याला बोलू नका, भाऊ," केसरीनाथ म्हणाला. त्याच्या सदऱ्यावर राहीबाईचं रक्त वाळलं होतं. "झाकण बसलंय हे मला सकाळीच कळलं होतं. चाकू माझ्या खिशात होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

भाऊंची नजर त्या सदऱ्यावर गेली. मग हळूच म्हणाले, "काचेतच ठेवू आता. बंद असली तरी चालेल."

केसरीनाथनं मान डोलवली. रामनाथकडून प्लॅस्टिकची पेटी मागून घेतली, बिड्या काढून त्याच्या हातात दिल्या, आणि नळाखाली बसून ती साबणानं धुतली. एकदा धुतली, वास घेतला, आणि पुन्हा धुतली. मग कपाटातल्या त्या दोन पट्ट्या शोधायला गेला.