जिंकणाऱ्याची बोटं

मारामारीच्या गेमच्या कॉम्बो व्हिडिओंत एकामागोमाग एक बसणारे फटके दिसतात. ते खाणारा खेळाडू दिसत नाही. काल गेमिंग कॅफेत तो खेळाडू मी होते. पहिल्यांदाच स्पर्धेत उतरले आणि लगेच हरले. पुन्हा इथे यायचंच नाही, असं ठरवून उठले.

"अगं, पळतेस कुठे? हा कॉम्बो शिकून जा," मला हरवणारा ओंकार म्हणाला.

"शिकव, शिकव! पुढच्या वेळी तुलाच हाणेल ती," मागून कुणीतरी ओरडलं.

"मग तर मजाच!"

ओंकारची बोटं बटणांवर मुद्दाम सावकाश फिरू लागली. स्वतःला हरवायची युक्ती कुणी इतक्या मायेनं समोरच्याच्या हातात देतं? इथे बहुतेक सगळेच देतात.

मी करून पाहिलं आणि चुकले. मग, कधी नव्हे ते, मीच म्हणाले, "परत दाखव ना."