दुरीमामांची उशिरा पोहोचलेली नोंद

आमच्या दरीत हिमकडे कोसळण्याच्या धोक्याची नोंद दुरी कादोनाउ ठेवत. एकतीस हिवाळे ठेवली. पूर्वी धोक्याचे इशारे देणाऱ्या कार्यालयाला फोनवरून तोंडी सांगत. मग त्यांच्या भाचीने, लादिनाने, त्यांच्या मोबाइलवर ॲप घालून दिलं. डोंगरावर काही दिसलं की लिहायचं, म्हणजे सगळ्यांच्या नकाशावर तिथे ठिपका उमटतो.

दुरींना मात्र घाईत लिहिणं जमत नसे. शुद्धलेखन तपासत बसायचे. लादिना चिडवायची, "मामा, निबंध नको रे लिहूस! दोन ओळी टाक आणि मोकळा हो."

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी पावणेदहाला ते खिंडीवर होते. पायाखालचा बर्फ धप्पकन बसला. खणून पाहिलं, तर खाली साखरेसारखा सुटा थर, म्हणजे वरचा बर्फ कधीही घसरणार. फोनला तिथे रेंज होती. पण बोटं गारठली होती. खाली जाऊन नीट लिहू, म्हणून त्यांनी फोन खिशात टाकला.

उतरताना ते बहिणीकडे, मेंगाकडे थांबले. तिने जवाचं सूप पुढे ठेवलं.

"लादिना कुठंय?"

"गेली स्की घेऊन, खिंडीच्या मागच्या उतारावर. ॲपमध्ये धोका पाचात दोनच दाखवतंय म्हणाली. आणि मामाने काही टाकलेलं नाही, म्हणजे ठीकच असणार."

दुरींनी चमचा खाली ठेवला. फोन लावला. लागला नाही, मागच्या बाजूला रेंज नसतेच. मग उभ्या उभ्या त्यांनी दोन ओळी पाठवल्या. अकरा चाळीस झाले होते. बचाव पथकाला कळवून ते तसेच वर धावले.

उतारावरचा बर्फ फुटून खाली आलेला होता. त्यात जाणारा स्कीचा एकच माग होता, बाहेर येणारा नव्हता. दुरींच्या छातीवरच्या शोधयंत्राने लादिनाच्या यंत्राचा इशारा पकडून जागा लगेच दाखवली. दीड मीटर खणायला मात्र वेळ लागला. लादिना सापडली तेव्हा तिच्याच श्वासाने तोंडासमोर बर्फाची काच धरली होती, आणि श्वास थांबलेला होता.

पावणेदहाचं कोणालाच ठाऊक नव्हतं. गाव म्हणत होतं, बिचाऱ्याने कळल्याबरोबर धाव घेतली. मेंगाही तेच म्हणे. मग एकदा तिने लादिनाचा फोन त्यांच्या हातात दिला. त्या सकाळी लादिनाने ॲप चार वेळा उघडलं होतं. शेवटचं, दहा बावन्नला.

दुरींना राहवलं नाही. बहिणीला त्यांनी सगळं सांगून टाकलं.

मेंगाने फोन त्यांच्या हातून काढून घेतला. मग म्हणाली, "हे सांगून तुला हलकं वाटलं असेल. मी कुणाला सांगू आता?"

"मेंगा, मी..."

"जा, दुरी. सूप नाहीये आज."

यंदा कार्यालयातून तीनदा फोन आला, नोंदी का येत नाहीत म्हणून. त्यांनी उचलला नाही. शेजारच्या दऱ्यांमधून ठिपके उमटतात. आमच्या दरीवर नकाशा कोरा आहे. मी ब्रेड द्यायला जातो तेव्हा दुरी दार अर्धवटच उघडतात, आणि वर बर्फ कसा आहे हे आता मी त्यांना विचारत नाही.