उन्हात न घातलेलं रजिस्टर

वाडीवरच्या एका मावशींच्या लेकीचं नर्सिंगचं वर्ष माझ्यामुळे गेलं. उगाच आडवळणाने कशाला सांगू?

लोणावळ्याजवळच्या एका जुन्या शाळेत मी क्लार्क आहे. आमच्याकडे स्वातंत्र्याच्या आधीपासूनची रजिस्टरं आहेत. इथली हवा अशी, की कपाटातल्या चपलेलाही बुरशी येते. म्हणून दसरा झाला की पटांगणात सतरंजी टाकून रजिस्टरं उन्हात घालायची आणि चिकटलेली पानं एकेक सुटी करायची, हे माझ्या आधीच्या क्लार्कपासून चालत आलेलं. कंबर मोडायची अगदी. शेवटी दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी सगळ्यात जुनं रजिस्टर पानपान स्कॅन केलं आणि शाळेतल्या सगळ्या कॉम्प्युटरांच्या सामाईक शेअर्ड फोल्डरमध्ये टाकलं. अख्खं रजिस्टर डोळ्याची पापणी लवायच्या आत गेलं! यंत्र काय झकास आहे, म्हणून मी खूश.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी मावशी आल्या होत्या. लेक बारावीला होती. पुढे तिच्या जमातीचा दाखला तपासताना तिच्या आजोबांची शाळेतली नोंद लागणार, असं कुणीतरी सांगितलं होतं. मी ऐटीत माझ्या कॉम्प्युटरवर ते पान उघडलं. नाव, जमात ठाकर, तिसरीत शाळा सोडली, कारण गुरांमागे.

"मामंजी साळंत गेलते व्हय!" मावशी पडद्याला बोट लावून हसल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, येक कागुद काढून द्या की."

"आत्ता कशाला? घरात ओला होईल. इथे सुरक्षित आहे, मावशी. लागेल तेव्हा या, कुठे पळून जातंय?"

हे मी बोललो. याच तोंडाने.

यंदा श्रावणात त्या आल्या. लेकीची नर्सिंगला निवड झाली होती, आणि शुक्रवारपर्यंत आजोबांची नोंद दाखल करायची होती. तो बुधवार होता. मी फोल्डर उघडला. पानं ओळीने दिसत होती. एकावर क्लिक केलं, तर फाइल सापडत नाही. अरे, समोर तर दिसतेय! दुसरी उघडली, तिसरी उघडली, तेच. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, वायर काढून घातली, मुख्याध्यापक बाईंच्या कॉम्प्युटरवर जाऊन पाहिलं. मावशी बाकावर बसून माझी धावपळ बघत होत्या.

शेवटी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"सर, फाइलच्या चित्राच्या कोपऱ्यात छोटा बाण दिसतोय?"

"दिसतोय. सगळ्यांवर आहे."

"मग ते शॉर्टकट आहेत, सर. नुसता पत्ता. खऱ्या फाइली तुमच्याच मशीनमध्ये होत्या, म्हणून तुमच्याकडे उघडायच्या."

"मग माझ्या मशीनमधून काढ ना बाबा!"

"दिवाळीच्या सुट्टीत मी ते पुसून नव्याने भरलं. तेव्हा विचारलं होतं, काही ठेवायचंय का? तुम्ही म्हणालात, सगळं शेअरला आहे."

म्हणालो होतो. अगदी हेच म्हणालो होतो. काही परत मिळेल का विचारलं, तर तो म्हणाला, नऊ महिने वापरलंय सर, आशा ठेवू नका.

मग कपाटाकडे धावलो. सगळं शेअरला आहे, म्हणून स्कॅन केल्यापासून एकाही दसऱ्याला ते रजिस्टर मी उन्हात घातलंच नव्हतं. बाहेर काढलं तर त्याची वीट झालेली. पट्टी घालून पान सोडवायला गेलो, तर शाईसकट पोपडा निघाला. मावशी जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"तुमी वाचलं व्हतं न्हवं? मीबी बघितलं. मग लिवून द्या की."

"मला पाठ आहे, मावशी. तिसरी, गुरांमागे, सगळं. पण मूळ नोंद समोर असल्याशिवाय सही करता येत नाही. कुणी मानणार नाही."

त्या भांडतील असं वाटलं. भांडायला हव्या होत्या, चांगल्या चार शिव्या घालायला हव्या होत्या. पण त्यांनी पदराआडून एक नवीकोरी प्लास्टिकची पिशवी काढली. कागद भिजू नये म्हणून येताना बाजारातून घेतलेली. ती त्यांनी टेबलावर, त्या विटेशेजारी ठेवली.

"ह्यात घालून ठिवा ते," त्या म्हणाल्या. "हितं लय वल हाय."